कंपनीचे पत्र आले म्हणून गाडी विकू नका



मागील गटसभेत ऊसनोंदीचे काम आटोपल्यावर एका सभासदाने खिशातून घडी घातलेले पत्र काढले. "साहेब, हे वाचा जरा. गाडी घेऊन दोन वर्षं नाही झाली आणि कंपनी म्हणते गाडी घेऊन या, एक भाग बदलायचाय. म्हणजे गाडी बादच निघाली की! साडू मागतोय, त्याला देऊन मोकळा होतो."

मी म्हटले, "आण्णा, गाडी ठेवा नाहीतर द्या, तो तुमचा प्रश्न. पण आधी भाग बदलून घ्या. आणि हे पत्र न दाखवता साडूला गाडी देऊ नका. त्या गाडीत तुमचीच मेव्हणी आणि भाचरं बसणार आहेत."

सगळे हसले. पण शंका अनेकांच्या मनात होती. आपल्या कार्यक्षेत्रात आता जीपच्या जागी मोठ्या कुटुंबाच्या गाड्या, ज्यांना एस.यू.व्ही. म्हणतात, त्या बऱ्याच घरी आल्या आहेत. म्हणून हा विषय समजून घेऊ.

गाडी परत बोलावणे म्हणजे काय?

बेणेमळ्यातून दिलेल्या बेण्यात काणी असल्याचे मागाहून लक्षात आले, तर आपला शेतकी विभाग काय करतो? बेणे कोणाला दिले ते रजिस्टर काढतो, त्या सभासदांना गाठतो आणि काणीची बेटे उपटून नष्ट करायला सांगतो. सगळ्याच प्लॉटात काणी येते असे नाही. पण कोणाच्या प्लॉटात येईल हे सांगता येत नाही, म्हणून सर्वांना कळवावे लागते. गाड्यांचेही तसेच आहे. एखाद्या भागात दोष आढळला की कंपनी त्या काळात बनलेल्या सर्व गाड्या बोलावते आणि तो भाग फुकट दुरुस्त करते किंवा बदलते. यालाच रिकॉल म्हणतात. ज्या कंपनीने पत्र पाठवले तिची गाडी वाईट आणि जिने पाठवले नाही तिची चांगली, असा अर्थ काढू नये. खरा धोका दोष लपून राहण्यात आहे.

अमेरिकेतील उदाहरण

फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही गाडी 1990 साली अमेरिकेत आली आणि कुटुंबाची गाडी म्हणून तिचा मोठा खप झाला. पण धोका चाकात होता. तिला बसवलेल्या फायरस्टोनच्या काही टायरांचा वरचा थर वेगात सुटून येऊ लागला. चालक दचकून ब्रेक दाबी, स्टिअरिंग ओढी, आणि उंच गाडी उलटे.

1998 साली एका विमा कंपनीतील अभ्यासकाने अशा 21 घटना तेथील सरकारी खात्याला कळवल्या. दखल घेतली गेली नाही. 1999 साली फोर्डने सौदी अरेबियात टायर बदलून दिले, पण अमेरिकेतील ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी 2000 मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरदर्शन केंद्राने प्रकरण दाखवल्यावर तक्रारींचा ओघ सुरू झाला. मे महिन्यात चौकशी लागली आणि ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत बोलावले गेले. 2001 मध्ये फोर्डने आणखी 1 कोटी 30 लाख टायर बदलण्याचे जाहीर केले. सरकारी हिशेबाप्रमाणे अमेरिकेत या टायरांशी संबंधित 271 मृत्यू झाले.

टायर का फाटले?

टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे एकावर एक असतात. या टायरांत पट्ट्यांच्या कडेला चीर पडून ती आत वाढत जाई. त्यात उष्णतेची भर पडली. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि तापतो. फोर्डने 26 पौंड हवा सांगितली होती, फायरस्टोनचे म्हणणे पडले की 30 हवी. उन्हाळा, भरलेली गाडी, सलग वेग आणि कमी हवा हे चारही एकत्र आले की कच्चा टायर टिकत नाही. अपघात उष्ण प्रदेशांत अधिक झाले ते यामुळेच.

आता आपल्याकडचे पाहा. मे महिना, लग्नाची तिथी, सातजणांच्या गाडीत नऊजण, टपावर बोजा, आणि हवा शेवटची कधी पाहिली ते कोणालाच आठवत नाही. टायर निर्दोष असला तरी हा ताण त्याला झेपेलच असे नाही.

आपल्याकडील कायदा

भारतात वाहन उद्योगाच्या संघटनेने 2012 साली स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याचा संकेत ठरवला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील गाडीत सुरक्षिततेचा दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते, आणि 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकाला 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. वर पाहिलेच की तक्रारी वाढल्या तेव्हाच चौकशी लागली. म्हणून कट्ट्यावर कुरकुर करण्यापेक्षा तक्रार नोंदवावी.

सभासदांनी काय करावे?

1. पत्र किंवा मेसेज आल्यास टाकून देऊ नये. सर्व्हिस सेंटरला फोन करून तारीख घ्यावी. काम फुकट असते. झाल्याची नोंद कागदावर घ्यावी.

2. जुनी गाडी घेतली असेल तर पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाण्याचा संभव असतो. आर.सी. बुकावरील 17 अक्षरी चासी नंबर सर्व्हिस सेंटरला सांगून काही काम बाकी आहे का ते विचारावे, आणि आपला फोन नंबर तेथे नोंदवावा.

3. हवा किती हवी ते चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. भरलेल्या गाडीला वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नये. स्टेपनीही पाहावी.

4. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या, चिरा पडलेल्या टायरवर लांबचा प्रवास करू नये.

5. वेगात टायर फुटलाच तर एकदम ब्रेक मारू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूहळू काढावा, वेग उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. गाडी उलटली तर बाहेर फेकला जाणारा माणूस क्वचितच वाचतो.

बेण्याच्या बाबतीत आमचा एक अनुभव आहे. रजिस्टरातील सर्व सभासदांकडे आम्ही वेळेत पोहोचलो, पण एकाने त्यातले थोडे बेणे पाहुण्याला दिले होते. रजिस्टरात पाहुण्याचे नाव नव्हते. त्याच्या शेतात काणी फोफावली तेव्हाच आम्हाला समजले. गाडी न सांगता पुढे दिली की दोषही असाच रजिस्टराबाहेर जातो.

आण्णांनी पुढच्याच आठवड्यात भाग बदलून घेतला. अर्ध्या दिवसाचे काम, पैसा लागला नाही. गाडी अजून त्यांच्याच दारात आहे. साडूने स्वतःच्या गाडीचा चासी नंबर मात्र विचारून घेतला. तरी सर्व सभासदांनी हंगामाची धावपळ सुरू होण्यापूर्वी एवढे काम करून घ्यावे, ही विनंती.

आपला,
ऊसविकास अधिकारी