डोहांतील जीव आणि आमची दृष्टि

किकवीहून नीरा ओलांडून साताऱ्याकडे मालाच्या गाड्या रोज जातात. वाटेंतल्या ओढ्यांचें पाणी आमचे व्यापारी बंधु नित्य पाहतात. परंतु त्या पाण्यांत कोण राहतें असें विचारल्यास मासा, खेकडा व बेडूक यांपलीकडे उत्तर मिळावयाचें नाहीं. शिकलेल्या वर्गाचीहि स्थिति याहून निराळी नाहीं. म्हणून एका जुन्या शोधाची आठवण वाचकांस करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मालवण येथें १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवीत असतां सह्याद्रींत हिंडून प्राणी व वनस्पति गोळा करीत. कृष्णेला मिळणाऱ्या प्रवाहांच्या डोहांत त्यांस काचेसारखा पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा, नखाएवढा जीव आढळला. कोंकणच्या किनाऱ्यावर जेलीफिश सर्वांच्या परिचयाचा आहे. पण गोड्या पाण्यांतला जेलीफिश हें त्या काळीं विद्वानांसहि नवल होतें. लंडनच्या एका बागेंतील कमळाच्या हौदांत १८८० सालीं असा एक जीव सांपडला होता. दुसरा आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरांतला.

कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अॅनन्डेल यांनीं आपल्या जीवाची परीक्षा केली. लंडनच्या जीवाचीं जननेंद्रियें छत्रीच्या आंतील नळ्यांस लोंबतात. टांगानिकाच्या जीवाचीं तोंडाच्या नळीच्या भिंतीवर असतात. आपला जीव दुसऱ्या प्रकारचा निघाला. म्हणून त्याला आफ्रिकी भावंडाचें लिम्नोक्निडा हें प्रजातीचें नांव मिळालें व त्यापुढें ‘इंडिका’ हें स्वतःचें नांव लागलें. १९१२ सालीं ग्रेव्हली व आघारकर यांनीं त्याच्या संवयी व प्रसार यांवर टिपण प्रसिद्ध केलें.

या कामीं शास्त्रज्ञहि चकतात. लंडनच्या जीवाच्या आयुष्यांत एक अतिसूक्ष्म अवस्था असते. ती दगडा-काडीस चिकटून राहते व सूक्ष्मदर्शकाखेरीज नीट दिसत नाहीं. १८८५ च्या सुमारास अमेरिकेंत तिला निराळा प्राणी समजून निराळें नांव दिलें गेलें. पुढें दोन्ही एकच ठरलीं. वंशावळीचा खोटा दुवा जसा कागदपत्रांनीं सुटतो, तसा येथें पुनःपुन्हां पाहण्यानें सुटतो.

कोणी म्हणेल, असल्या नांवांनीं गरिबाचें पोट भरतें काय? त्यांस आम्ही नारूची आठवण देतों. नारूचा अंकुर सायक्लॉप्स नांवाच्या बारीक जलचराच्या पोटांत वाढतो, हें फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास पाहिलें. तो जलचर ओळखला गेला म्हणूनच पाणी फडक्यानें गाळून पिणें व पायऱ्यांच्या विहिरींत पाय न बुडविणें यांचें महत्त्व पटवितां आलें. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. शत्रूचें घर कोणतें हें ठाऊक नसतां ही लढाई जिंकली गेली असती काय?

आणि डोह तर आमच्या डोळ्यांदेखत जात आहेत. उन्हाळ्यांत प्रवाह आटला कीं जे चार डोह उरतात, त्यांतच गांवचें सांडपाणी सोडावें, माशांसाठीं विष कालवावें, तळची वाळू उपसावी, हा आमचा व्यवहार! नांव ठेवण्यापूर्वींच ज्याचा वंश बुडाला, त्याच्या हानीचा जमाखर्च कोण लिहिणार?

उपाय दूर नाहीं. आघारकरांनीं पुढें पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा पाया घातला. १९४६ सालच्या त्या संस्थेची संशोधनशाळा १९९२ पासून त्यांच्याच नांवानें चालते. भारतीय प्राणी सर्वेक्षणाची शाखाहि पुण्यांत आहे. मग भोर-वेल्ह्याच्या शाळांनीं आपल्या ओढ्याचें पाणी वर्षांतून चार वेळां कां तपासूं नये? लग्नांतील एका रात्रीच्या रोषणाईच्या खर्चांत शाळेला सूक्ष्मदर्शक येतो. आमच्या धनिक वाचकांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा, आणि पाण्याचा पहिला थेंब मुलांबरोबर स्वतःहि पाहावा, एवढीच विनंति.