मुलांचा आवाज आणि आपले कान

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्या नावातच पिढ्यान्पिढ्या कोंडलेल्या आवाजाचा इतिहास आहे. तो वर्गात शिकविताना ‘आवाज’ हा शब्द आम्ही नेहमी हक्काच्या अर्थाने वापरीत आलो. त्या आवाजामागे गळ्यातले दोन नाजूक तंतू असतात, याकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले.

श्वासाचा झोत स्वरतंतूंमधून जाताना ते एकमेकांवर आदळतात आणि त्या कंपनातून आवाज उमटतो. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा हे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा घडते. लहान मुलांत २५० ते ३०० वेळा. ओरडताना हा आघात कितीतरी अधिक जोराचा होतो. तो रोजचाच झाला की तंतूंच्या कडा सुजतात आणि पुढे तेथे बारीक गाठी धरतात. कोयत्याने, फावड्याने हाताला घट्टे पडतात, तसेच हे. मग तंतू पुरते मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ८वीतील एक मुलगी फार सुरेल भीमगीते गाई. १४ एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत एकही कार्यक्रम तिच्यावाचून झाला नाही. एका रविवारी तिच्या वडिलांचा फोन आला : “जयभीम सर, पोरीचा आवाज तिचा राहिला नाही.” सर्दी असेल, खडीसाखर देतो, असे सांगून आम्ही त्यांची समजूत घातली आणि पुढच्या कार्यक्रमातही तिला उभे केले. दीड महिन्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले तेव्हा गाठी दिसल्या. चूक वडिलांची नव्हती, आमची होती. रोज ऐकणाऱ्या आम्हाला बदल जाणवला नाही. आठवड्यातून एकदा फोनवर ऐकणाऱ्या बापाला तो पहिल्या दोन शब्दांत कळला.

म्हणून निवासी शाळेतील मुलांच्या पालकांना आम्ही मुद्दाम हे लिहीत आहोत. आपण दूर आहात, याच कारणाने आपला कान अधिक विश्वासार्ह आहे. सर्दीने बसलेला घसा आठ-दहा दिवसांत सुटतो. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला, तर हळद-दूध आणि ज्येष्ठमध यांवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेतानाही त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नये. मुलांच्या अशा गाठींना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांनी शिकविलेली बोलण्याची सवय आणि काही महिन्यांचा धीर लागतो. घसा बसल्यावर कुजबुजून बोलावे, असा एक समज आहे. तोही चुकीचा, कारण कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. हळू, पण मोकळे बोलावे आणि पाणी वारंवार प्यावे.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटतो, तो आजार नव्हे. त्याची थट्टा तेवढी करू नये.

घरातल्या गोंगाटाविषयीही बोलले पाहिजे. यंत्रमागावर किंवा खडी-क्रशरवर राबणारे आमचे अनेक पालक कामाच्या सवयीने घरीही चढ्या आवाजात बोलतात. त्यात टीव्ही लावलेला असतो. या सगळ्यावर मात करून मुलाला आपले म्हणणे मांडावे लागते. टीव्ही बंद करून, मुलाजवळ बसून ऐकले, तर त्याला ओरडण्याचे कारण उरत नाही. तरीही एखादे मूल सतत मोठ्यानेच बोलत असेल, तर त्याचे कानही तपासून घ्यावेत. त्याला कमी ऐकू येत असण्याची शक्यता असते.

आम्ही शिक्षकही या दोषातून सुटलेलो नाही. प्रार्थनेला त्रिसरण-पंचशील म्हणताना “जोरात म्हणा, मागे ऐकू येत नाही,” असे वर्षानुवर्षे आम्हीच दरडावीत होतो. सम्यक वाचेचा पाठ द्यायचा आणि लेकरांचे गळे ताणायला लावायचे, ही विसंगती आमच्या ध्यानातच आली नाही.

ती मुलगी सहा-सात महिन्यांनी पुन्हा गाऊ लागली. १०वीत असताना सकाळची वंदना तीच सांगे. मधल्या पट्टीत, न ओरडता. मागच्या रांगेतली लहान मुले तिचा शब्द ऐकू यावा म्हणून आपोआप शांत होत.