कार्ब्युरेटरमधली ३ मिलिमीटरची फट एवढी महत्त्वाची का असते?

घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, कार्ब्युरेटरमधला फ्लोट तसाच. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह बंद होतो.

इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबी गाडीचा एसयू एचएस४ कार्ब्युरेटर घ्या. झाकण काढून उलटं धरायचं. फ्लोटच्या वजनानेच व्हॉल्व्ह बंद होतो. तेव्हा फ्लोटची दांडी आणि झाकणाची कड यांत ३ ते ५ मिमी फट हवी. मापायला १/८ इंची ड्रिल बिटचा गुळगुळीत भाग पुरतो.

फट कमी असेल तर पेट्रोलची पातळी चढते, ते ओसंडतं. या गाडीत तापलेला एक्झॉस्ट नेमका कार्ब्युरेटरच्या खाली, म्हणजे थेट आगीचा धोका! फट जास्त असेल तर चढावर इंजिन पेट्रोलसाठी तडफडतं.

दुरुस्ती सोपी: धातूची दांडी फ्लोटपाशी हलकेच वाकवायची. दांडी प्लास्टिकची असेल तर व्हॉल्व्हच्या सीटखाली वॉशर घालून पातळी उतरवतात.

पण आधी फ्लोट कानाजवळ हलवून बघावा. आत पेट्रोल डचमळत असेल किंवा नीडलच्या टोकावर झिजेची रेघ असेल, तर मापूनही उपयोग नाही, ते भाग बदलावेच लागतात.