उशाशी दिवा टांगताना

एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या आईला रात्री झोप कमी लागते, म्हणून वाचनासाठी पलंगाच्या उशाकडच्या फळीला अडकवायचा दिवा आणला. दिवा काढून टेबलावरही ठेवता येतो, म्हणून तो पसंत पडला. अडचण अशी की आई दिव्याची मान वर करायला गेली की मान हलत नाही, उलट फळीवरचा आकडाच निसटतो. आकड्याचा स्क्रू घट्ट पिळला तर फळीवर वळ उठतात. ताई विचारतात, दिवा सदोष आहे की फळी?

दोन्ही नाहीत. दोष त्या दोघांमधल्या जोडणीत आहे. दिवा घेताना आपण वॉट पाहतो, ल्युमेन पाहतो, पांढरा की पिवळा ते पाहतो. तो कशाच्या आधाराने उभा राहणार किंवा टांगला जाणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते उशाच्या दिव्यातले सगळ्यांत सुंदर विज्ञान नेमके तिथेच आहे.

दिवा एकूण 400 ग्रॅमचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य फळीपासून 20 सेंटीमीटर पुढे आहे असे धरू. म्हणजे फळीच्या कडेवर 8 किलोग्रॅम-सेंटीमीटरचे आघूर्ण, म्हणजे फिरवू पाहणारा जोर, पडते. ते पेलण्यासाठी आकड्याला दोन विरुद्ध बले लागतात: वरचा वाक फळीला मागून पुढे ओढतो आणि समोरच्या पट्टीचे खालचे टोक तिला पुढून मागे दाबते. या दोन बलांमधले अंतर म्हणजे पट्टीची उंची. पट्टी 2 सेंटीमीटरची असेल तर लाकडावर 4 किलोचा दाब येतो आणि पॉलिश दबते. तीच पट्टी 10 सेंटीमीटर खाली उतरवली की दाब 800 ग्रॅमवर येतो आणि स्क्रूची गरजच उरत नाही. बाजारातल्या बहुतेक आकड्यांची पट्टी आखूड असते. सुबक दिसते, डब्यातही मावते, आणि तिची किंमत फळी मोजते.

इथे एक गंमत आहे. हाच पलंग लाकडी न असता लोखंडी असेल, आणि दिवा उभ्या नळीवर सरकणाऱ्या कड्याला जोडायचा असेल, तर नेमका उलटा सल्ला द्यावा लागतो. कड्याची उंची कमी हवी. दिव्याच्या वजनाने कडे किंचित तिरके होते आणि वरच्या कडेला एका बाजूने, खालच्या कडेला दुसऱ्या बाजूने नळीला चावते. या दोन ठिकाणच्या घर्षणावर सगळा दिवा पेलला जातो. गणित दोन ओळींत सुटते आणि उत्तरातून वजन चक्क नाहीसे होते. कड्याची उंची भागिले घर्षणांकाची दुप्पट, यापेक्षा गुरुत्वमध्य जास्त पुढे असला की कडे घसरत नाही. दिवा अर्ध्या किलोचा असो की पाच किलोचा! उंची 6 सेंटीमीटर आणि घर्षणांक 0.2 धरला, तर 15 सेंटीमीटर पुरतात. आपला दिवा 20 सेंटीमीटर पुढे आहे, म्हणजे तो टिकला.

कोकणात आणि गोव्यात माडावर चढायला हल्ली केरळात घडलेले जे लोखंडी यंत्र वापरतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच उमगेल. दोन पायांसाठी दोन चौकटी, प्रत्येकीचा तारेचा फास माडाभोवती. पायावर भार दिला की फास झाडाला आवळतो. पाय उचलला की सैल होतो आणि वीतभर वर सरकतो. ना खिळा, ना स्क्रू. नारळ पाडणारा पाडेली जितका वजनदार, तितकी पकड घट्ट, कारण पकड त्याच्याच भारातून जन्माला येते. असे यंत्र पाहताना मी दर वेळी थबकतो. घर्षणासारख्या बेभरवशाच्या, पावसापाण्याने बदलणाऱ्या गोष्टीवर माणसाने जीव टाकावा, आणि भूमितीने तो भरवसा खरा करून दाखवावा, ही साधी गोष्ट नाही. सुताराचा सरकता शिकंजा याच तत्त्वावर चालतो.

सुटा करता येणारा आधार म्हणजे नेमके हेच: भार असताना घट्ट, भार काढला की मोकळा. दिव्याचे डोके एका हाताने अलगद पेलून धरा, आघूर्ण कमी होते आणि कडे आपोआप सरकते. सोडा, की पुन्हा चावते. अभियंत्यांनी याची उलट बाजूही वापरली आहे. दिव्याच्या भुजेच्या बुडाशी उभी खुंटी असते आणि आधारात तिच्या मापाचे भोक. त्याच खुंटीसाठी टेबलाचा जड पाया मिळतो, कडेला लावायचा शिकंजा मिळतो, भिंतीचा ब्रॅकेटही मिळतो. दिवा एक, आधार अनेक. मात्र काढताना डोक्याला धरून वर ओढला तर खुंटी भोकात तिरकी होऊन अडकते, कारण वरचेच सूत्र आता आपल्याविरुद्ध काम करते. बुडाशी धरून उचलला तर सहज निघतो. जुन्या कपाटाचा रुंद खण एका टोकाने ओढल्यावर याच कारणाने अडतो.

आधाराकडून आता भुजेकडे. तोललेल्या भुजेचा जो दिवा घरोघरी पोचला, त्याच्या कर्त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे: जॉर्ज कारवर्डाइन. जन्म 1887, इंग्लंडमधले बाथ शहर. तिथल्याच हॉर्स्टमन मोटार कारखान्यात तो काम करत वर चढला आणि मोटारींच्या सस्पेन्शनमध्ये तरबेज झाला. त्याच्या डोक्यात दिवा नव्हताच. त्याला सोडवायचा होता तो शुद्ध यांत्रिकीचा प्रश्न: भुजेच्या टोकाला वजन असताना ती कोणत्याही कोनात, जिथे सोडावी तिथे थांबेल का? तराजूसारखे मागे प्रतिवजन न लावता, केवळ स्प्रिंगेच्या बळावर?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भुजा तिरकी होते तसे वजनाचे आघूर्ण कोनाच्या साइनप्रमाणे बदलते. साध्या स्प्रिंगेचे बल तिच्या वाढीव लांबीच्या प्रमाणात असते. या दोन चाली जुळत नाहीत; एखाद्या कोनात तोल साधतो आणि पुढच्या कोनात बिघडतो. जुळवायच्या तर अशी स्प्रिंग हवी, जिचे बल वाढीव लांबीच्या नव्हे, पूर्ण लांबीच्या प्रमाणात असेल. म्हणजे जिची मूळ लांबी शून्य आहे अशी! ऐकायला अशक्य, पण करता येते. तार गुंडाळतानाच तिला पीळ दिला की वेढे एकमेकांवर जोराने दाबून बसतात आणि ठरावीक बल लावल्याशिवाय उघडतच नाहीत. वेढ्यांची जाडी त्या पिळात हिशेबाने जिरवून टाकता येते.

आणि मग जे घडते ते मला शाळेतल्या कुठल्याही प्रमेयाहून देखणे वाटते. स्प्रिंगेचे एक टोक सांध्याच्या बरोबर वर असलेल्या स्थिर बिंदूला, दुसरे भुजेला. शून्य लांबीच्या स्प्रिंगेचे बल दोन भागांत मोडा. एक भाग भुजेच्याच दिशेत जातो, म्हणजे सांध्यातून जातो, त्याचे आघूर्ण शून्य. उरलेला भाग सरळ उभा, वरच्या दिशेला, आणि भुजा कोणत्याही कोनात असली तरी तेवढाच. म्हणजे कोणीतरी न दिसणारा हात दिव्याला खालून सतत त्याच्या वजनाला पुरेल एवढाच आधार देत राहतो. दिवा वर न्या, खाली न्या, आडवा करा. तो हात ना थकतो, ना घाई करतो.

कारवर्डाइनने 1932 साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि या गणिताच्या पुरेशी जवळ जाणारी रचना लोखंडात उतरवली. रेडिच गावच्या हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीने त्यावरून दिवा काढला. आधी चार स्प्रिंगांचा, 1935 मध्ये घरगुती वापराचा तीन स्प्रिंगांचा. हाच अँगलपॉइज. 1937 मध्ये नॉर्वेच्या याक याकोबसेनने हक्क मिळवून लुक्सो दिवा आणला. त्या दिव्याच्या रूपावरून पिक्सारने 1986 मध्ये उड्या मारणारा छोटा दिवा पडद्यावर आणला आणि तो जगभरातल्या मुलांचा लाडका झाला. मुलांना दिवा माहीत आहे, चित्रपट माहीत आहे. कारवर्डाइन 1947 साली वारला आणि विस्मृतीत गेला. 2000 साली फ्रेंच आणि विडन या दोघांनी यांत्रिकी अभियंत्यांच्या नियतकालिकात त्याच्या रचनेचे रीतसर विश्लेषण केले, तेव्हा कुठे विद्वानांच्या जगात त्याची नीट दखल घेतली गेली.

योगायोग असा, की त्याच 1932 साली अटलांटिकच्या पलीकडे टेक्सास विद्यापीठात लुसियन लाकॉस्ट नावाचा विद्यार्थी शून्य लांबीच्या स्प्रिंगेपर्यंत पोचत होता. त्याचे शिक्षक अर्नोल्ड रॉम्बर्ग यांचा प्रश्न भूकंपमापकाचा होता: जमीन वर-खाली हलत असताना टांगलेले वजन जागच्या जागी कसे ठेवायचे? एकाला वजन सोडले तिथे थांबायला हवे होते, दुसऱ्याला जमीन हलली तरी वजन न हलायला हवे होते. भूमिती एकच. लाकॉस्ट-रॉम्बर्ग गुरुत्वमापक पुढे जगभर गेले. भारतातल्या गुरुत्व-सर्वेक्षणांतही ते वापरले गेले. लाकॉस्टला भूभौतिकीत मानाचे स्थान मिळाले आणि ते योग्यच आहे. मोटारींच्या स्प्रिंगांमधून आलेल्या माणसालाही त्याच्या शेजारी जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता त्या निसटणाऱ्या आकड्याकडे वळू. हल्लीच्या स्वस्त दिव्यांत स्प्रिंग नसते. सांधा निव्वळ घर्षणावर थांबतो, किंवा लवचिक मान असते, जिच्यात गोल तारेच्या वेढ्यांमध्ये तिकोनी तार पाचरीसारखी बसवलेली असते. तेही घर्षणच. डोके 150 ग्रॅमचे आणि भुजा 30 सेंटीमीटरची धरली, तर सांध्याला 4.5 किलोग्रॅम-सेंटीमीटर पेलावेच लागतात. ढिलाईचा विचार करून कारखाना 6 ठेवतो. म्हणून खाली करायला 1.5 पुरतात, पण वर करायला वजन अधिक घर्षण, म्हणजे 10.5. भुजेच्या टोकाशी हा 350 ग्रॅमचा जोर झाला. आणि आपला सगळा दिवा फळीवर टेकून आहे तो 8 किलोग्रॅम-सेंटीमीटरच्या आघूर्णाने! साडेदहा लावण्याआधीच आठ ओलांडले जातात. सांधा हलण्यापूर्वी आकडा उचकटतो. ताईंच्या आईंचे काहीही चुकत नाही. पट्टी लांब केल्याने फळीवरचे वळ थांबतील, पण उचकटणे थांबायचे नाही. त्यासाठी सांधाच हलका हवा. तोललेल्या भुजेला जागच्या जागी थांबायला नाममात्र घर्षण पुरते. अर्धा किलोग्रॅम-सेंटीमीटर धरा, म्हणजे टोकाशी सतराएक ग्रॅम. एका बोटाचे काम.

एक खुलासा मात्र हवा. स्प्रिंग कितीही नेमकी असली तरी आकड्यावरचा भार रतिभर कमी होत नाही. स्प्रिंग दिव्याच्या आतला तोल सांभाळते. बाहेर फळीला सगळे वजन आणि सगळे आघूर्ण झेलावेच लागते. म्हणून टेबलावरच्या अँगलपॉइजचा पाया जड असतो. पलंगाला टांगायच्या दिव्यात जडपणा जितका बुडाशी ठेवता येईल तितका बरा. अँगलपॉइजच्या स्प्रिंगा बुडाजवळ असतात, लुक्सोच्या दोन्ही भुजांवर पसरलेल्या. टांगण्यासाठी मी पहिली रचना निवडेन.

हलकी, हवी तिथे थांबणारी भुजा मिळाली की प्रकाशाचा प्रश्न निम्मा सुटतो. 200 ल्युमेनचा साधा एलईडी पुस्तकापासून 40 सेंटीमीटरवर असेल तर पानावर सुमारे 400 लक्स पडतात, वाचायला भरपूर. तोच दिवा 80 सेंटीमीटरवर गेला की 100. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, हा नियम जाहिरातीने बदलत नाही. आधार नीट नसल्यामुळे दिवा दूर राहतो, दूर राहतो म्हणून जास्त ल्युमेनचा घेतला जातो, आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झोत येतो. डब्यावर ‘डोळ्यांचे रक्षण’ असे छापलेल्या दिव्यांना जास्त पैसे देऊ नका. असा दावा सहसा निळ्या प्रकाशावर बेतलेला असतो; निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांबद्दलचा पुरावा 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात तपासला गेला, तेव्हा डोळ्यांचा शीण कमी होण्यात फारसा फरक दिसला नाही. रात्री निळ्या भागाचा परिणाम मेलाटोनिनवर आणि पर्यायाने झोपेच्या वेळेवर होतो हे खरे आहे, पण त्यावर उपाय स्वस्त आहे: पिवळसर दिवा, मंद करायची सोय, आणि डोळ्याला थेट न दिसणारी खोल वाटी.

मच्छरदाणीत दिवा घ्यायचा असेल तर जुना तापणारा बल्ब नको. त्याची बहुतेक वीज उष्णताच होते आणि सुती जाळी त्याला चिकटून राहते. एलईडीचा अ‍ॅडॉप्टर भिंतीपाशीच ठेवावा, म्हणजे अंथरुणात फक्त कमी व्होल्टेज येते. वायर भुजेच्या टोकावरून लोंबू देऊ नये. तिचे वजन आणि ओढ दोन्ही तोल बिघडवतात. ती भुजेलगत नेऊन आकड्यापाशी बांधावी, आणि तिथून खाली सोडताना थोडी ढील ठेवावी, म्हणजे दिवा काढून टेबलावर नेताना ती पलंगाच्या पायात गुंतत नाही.

आणि तोललेल्या भुजेचा दिवा मिळेपर्यंत ताईंनी एवढे करावे: आकड्याच्या पट्टीला खालून दहा-बारा सेंटीमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी जोडून घ्यावी, आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा, सांध्याचा स्क्रू डोके जेमतेम थांबेल इतकाच आवळावा, आणि भुजा वर करताना आईने दुसरा हात आकड्यावर ठेवावा.