भाडे हाती, भाववाढ कागदावर

गोव्यातील जागांचे दर आवाक्याबाहेर गेल्यावर मध्यमवर्गीयाची नजर चोर्ला घाटापलीकडे बेळगावकडे वळावी, यात नवल नाही. तेथे एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे, हा विचार सुज्ञपणाचा आहे. परंतु दलाल भाड्याविषयी फारसे बोलत नाहीत. ‘दहा वर्षांत दुप्पट होईल,’ एवढेच ते सांगतात. आमचा आक्षेप आहे तो येथे.

समजा, ४० लाखांचे घर घेतले आणि त्यासाठी ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीचे ३० लाखांचे कर्ज काढले. मासिक हप्ता सुमारे २७ हजार होतो. भाडे १२ हजार आले, तरी दरमहा १५ हजार पदरचे घालावे लागतात. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, घरपट्टी व डागडुजीचा खर्च आला, की ही तूट वर्षाला दोन लाखांवर जाते. आणि पहिल्या वर्षी मुद्दल फिटते ते जेमतेम ५६ हजार! घराची किंमत वाढलीही असेल, पण त्या वाढीतून बँकेचा हप्ता भरता येत नाही.

हलग्याजवळ २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभे राहिले, तेव्हा भोवतालच्या भूखंडांकडे अनेकांचे डोळे लागले. प्रत्यक्षात तेथे मुख्यतः हिवाळी अधिवेशनच भरते. आणि अधिवेशनाला येणारा आमदार काही आपला भाडेकरू होत नाही. शिवाय मोकळा भूखंड भाडे देतच नाही. याउलट १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर किंवा कारखान्यांचे उद्यमबाग पाहावे. शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, कामगार यांना बारमाही निवारा लागतो.

निपाणीचे गणित निराळे. पुणे-बंगळूर महामार्गावरील या गावाचे पोट तंबाखूशी किती जखडलेले आहे, हे १९८१ च्या शरद जोशींच्या आंदोलनाने साऱ्या देशाला दाखविले. तेथे वखार घेणाऱ्याने हंगाम संपल्यावर ती कोण घेणार, हे आधी विचारावे.

ज्याचा पगार भक्कम आहे, ज्याच्यावर मुलांच्या शिक्षणाचा वा म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्याचा भार नाही, त्याने भाववाढीवर खुशाल भिस्त ठेवावी. पहिलेच घर घेणाऱ्या बहुतेकांची स्थिती तशी नसते. अशांनी व्यवहार ठरविण्यापूर्वी त्याच गल्लीतील दोन-चार भाडेकरूंना प्रत्यक्ष भाडे विचारावे, त्यातून वर्षाचा एक महिना वजा करावा, आणि कर्जाची रक्कम त्या आकड्याला झेपेल एवढीच ठेवावी, असे आम्हांस वाटते.