नाव : आफोंसो, मुक्काम पोस्ट : शिराळा

मे महिना आला की ऑफिसात माझा भाव एकदम वाढतो. एरवी फक्त रिलीजच्या रात्री माझी आठवण काढणारी माणसं कॉफी मशिनपाशी गाठून विचारतात, "काय रे, पेट्या कधी?" कारण आमच्या गावी, नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्यात, आण्णांनी लावलेली हापूसची २५ कलमं आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी जरा जास्तच जोशात आलो. पेट्यांसाठी झकास स्टिकर डिझाइन केलं, 'शिराळा हापूस'. टीमच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि १५ मिनिटांत २० पेट्यांची ऑर्डर! सोळाव्या मिनिटाला देवगडच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "आंबे खुशाल विक. पण नाव आमचं कशाला?"

लागलं ना राव! हापूस हे नाव काय कुणाच्या बापाचं आहे? रागारागात शोधायला बसलो. आणि मंडळी, या नावाला खरोखरच बाप निघाला. आजोबा आणि खापरपणजोबासुद्धा!

हापूस हे मुळात मुलाचं नाव. पोर्तुगीजांमधलं आफोंसो. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंसो दि आल्बुकर्कवरून ते आंब्याला मिळालं, असं सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या हातून, गोव्यात आंब्याची कलमं बांधली जाऊ लागली. त्यातल्या एका झकास जातीला हे नाव चिकटलं. कोकणीत ते आफूस झालं, इंग्रजीत अल्फान्सो आणि आपल्या तोंडी हापूस.

पण थांबा, हे नाव पोर्तुगीजांचंही नाही! पाचव्या शतकात व्हिसिगॉथ नावाची जर्मानिक टोळी स्पेनमध्ये उतरली, तिच्या भाषेतून ते आलं. नावाचा दुसरा भाग 'फुन्स', म्हणजे तयार, तत्पर. पहिल्या भागावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी 'अदल', म्हणजे उमदा, असं मानतं, तर कुणी 'हाथु', म्हणजे लढाई. थोडक्यात, 'उमदा आणि सज्ज' किंवा 'लढाईला सज्ज'. आपल्याकडचा रणधीर म्हणा ना!

असं नाव राजेलोकांना आवडणारच. बाराव्या शतकातला पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो. स्पेनच्या बाजूला तर आकडा तेरावर गेला. तेरावा आल्फोन्सो १९३१ पर्यंत गादीवर होता. शिकागोचा गँगस्टर अल कपोन, त्याचंही पाळण्यातलं नाव अल्फॉन्स! पोर्तुगालमध्ये आजही नव्या बाळांसाठी आफोंसो भलतंच आवडतं आहे. आपल्याकडे पोराचं नाव कुणी हापूस ठेवत नाही. पण एप्रिल-मेमध्ये याच्याइतकं दुसरं कुठलं नाव मराठी माणूस घेतो, सांगा बघू!

मी खूश झालो. लगेच मैत्रिणीला फोन लावला. "मॅडम, नाव जर्मानिक, आलं स्पेन-पोर्तुगालमार्गे, रुजलं गोव्यात. तुमचं कसं काय?"

ती हसली नाही. म्हणाली, "नाव कुठून आलं ते सोड. मोठं कुणी केलं?"

मग तिनं सगळं सांगितलं. हापूसची कोय लावली तर झाड हापूसचं येईलच असं नाही, म्हणून कलम बांधावं लागतं. कलम कुठेही नेता येतं. पण समुद्राचं वारं आणि जांभा दगडाची जमीन कशी नेणार? वर्षभर खत, फवारणी, राखण करायची आणि शेवटी बाजारात दुसरीकडचा आंबा 'देवगड' लिहिलेल्या पेटीत भरून विकला जातो. भाव पडतो तो तिच्या बाबांचा. म्हणूनच २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या यादीत सांगली जिल्हा नाही. म्हणजे शिराळाही नाही.

आता काय? २० पेट्यांची ऑर्डर होती. नाव काढलं तर डझनामागे २०० रुपये तरी कमी मिळणार. आणि आण्णांनी तर त्या पैशातून ठिबकचे नवे पाइप घ्यायचं ठरवलेलं. घाबरतच घरी फोन केला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग खोड की ते नाव," ते म्हणाले.

"आण्णा, पण भाव उतरंल."

"उतरू दे. कलम त्यांच्याकडचंच हाय, पण पाणी आपल्या हिरीचं हाय. आपल्या गावाला काय नाव न्हाई व्हय रं?"

नवं स्टिकर केलं, 'आंबा. मुक्काम पोस्ट शिराळा'. ग्रुपवर कारणही लिहिलं. २० पेट्यांच्या १३ झाल्या. पाइप निम्मेच आले, बाकीचे यंदावर गेले.

त्या १३ मधल्या दोन पेट्या देवगडच्या मैत्रिणीनं घेतल्या. दुसऱ्या दिवशी लंचला डबा उघडताना मी विचारलं, "कसा होता?"

तिनं क्षणभर विचार केला. "बरा होता," म्हणाली.

देवगडकरांकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही, मंडळी!