सोल्युशनचा वास आणि पाण्यातला गोंद: चामड्याच्या कामासाठी काय निवडायचं?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

घरच्या घरी बेल्ट, पाकिटं, चपला बनवणारी बरीच पोरं-पोरी आपला शो ऐकतात, आणि त्यांच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो. सोल्युशनच्या वासानं डोकं गच्च होतं, बिनविषारी असं काही मिळतं का?

मिळतं. पण 'बिनवासाचं', 'टोल्युईन-फ्री', 'पाण्यातलं' आणि 'बिनविषारी' या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि डब्यावर त्या एकच असल्यासारख्या छापतात. आज हाच गुंता सोडवायचाय.

आधी सोल्युशन म्हणजे काय ते बघू. मोच्याच्या पेटीत असतो तो पिवळसर, तार सुटणारा गोंद. त्यात रबर असतं, बहुतेक वेळा निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर, आणि ते पातळ ठेवायला टोल्युईन, हेक्झेन, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट अशी द्रावकं. दोन्ही तुकड्यांना लावायचं, वाळू द्यायचं, मग एकावर एक ठेवून दाबायचं. रबराचे दोन थर भेटले की तिथल्या तिथे पकड. सरकवायला दुसरा चान्स नाही. याला म्हणतात कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह.

आता गंमत ऐका. अशा सोल्युशनमध्ये घन माल, म्हणजे जो खरोखर चिकटतो तो, साधारण २० ते ३० टक्के असतो. उरलेलं सगळं उडून जायला असतं. एक किलोचा डबा संपला, म्हणजे सातशे-आठशे ग्रॅम द्रावक तुमच्या खोलीच्या हवेत गेलं. कुठे जाणार दुसरीकडे?

थोडा हिशोब करू. धाराशिव असो नाहीतर कळंब, आपली खोली धरा १० बाय १०, उंची पण १० फूट. झाली सुमारे २८ घनमीटर हवा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात टोल्युईनची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम होती, म्हणजे एका घनमीटरमागे ३७५ मिलिग्रॅम. २८ नं गुणा, येतात जेमतेम साडेदहा ग्रॅम. द्रावक सगळं टोल्युईनच असेल आणि दारं-खिडक्या बंद असतील, तर चहाचे तीनेक चमचे सोल्युशन वाळलं की खोली त्या मर्यादेला टेकली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची मर्यादा तर २० पीपीएमच आहे. आणि कारखान्यांचे कायदे आपल्या घरातल्या खोलीत डोकावायला येत नाहीत, हे वेगळंच.

त्यात आपली बसायची पद्धत. आपण काम करतो जमिनीवर मांडी घालून. टोल्युईन आणि हेक्झेनची वाफ हवेपेक्षा साधारण तिप्पट जड, ती खालीच साचते. म्हणजे नाक नेमकं तिथे, जिथे वाफ जास्त. बाजूला लेकरू रांगत असेल तर ते अजून खाली.

"आमच्या आजोबांनी आयुष्यभर हेच वापरलं, काय झालं?" असं कुणीतरी म्हणणारच. काय होतं ते नोंदलेलं आहे, दादा. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवायचं काम चालायचं. गोंदात मुख्य द्रावक एन-हेक्झेन. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ९३ कामगारांच्या नसा खराब झालेल्या आढळल्या. सुरुवात पायाच्या बोटांना बधिरपणा येण्यापासून होते, मग हातापायांतली ताकद जाते, चालताना पाऊल नीट उचलत नाही. काम बंद केल्यावरसुद्धा काही आठवडे त्रास वाढतच राहू शकतो. इटलीच्या बूट कारखान्यांतही हेच दिसलं. तुर्कस्तानात डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये बूट-चपला बनवणाऱ्यांमधले रक्ताच्या कर्करोगाचे आणि त्याच्या आधीच्या अवस्थेचे मिळून २६ रुग्ण नोंदवले. तिथल्या गोंदात बेंझीन होतं. हे सगळे आपल्यासारखेच लोक, छोट्या खोल्यांत बसून चिकटवणारे.

मग डबा कसा ओळखायचा? 'टोल्युईन-फ्री' वाचून लगेच खूश होऊ नका. टोल्युईन काढलं आणि हेक्झेन घातलं तरी तो डबा टोल्युईन-फ्रीच. माझ्या मते हा शब्द गिऱ्हाईकाची सगळ्यात जास्त फसवणूक करतो. 'इको' आणि 'लो ओडर' यांचं पण तसंच. आणि वासावर तर विसंबूच नका, पंधरा-वीस मिनिटांत नाकाला सवय होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वाफ कुठे गेलेली नसते.

खरी माहिती असते सेफ्टी डेटा शीटमध्ये. कंपनीच्या साइटवर पीडीएफ असते, नसेल तर दुकानदाराकडे नाहीतर कंपनीला मेल करून मागा. फोनवर उघडली की सोळा भाग दिसतील, घाबरू नका, आपल्याला तीनच बघायचेत. भाग २ मध्ये धोके. 'एच ३६१' दिसलं तर प्रजननाला किंवा पोटातल्या बाळाला इजा होण्याचा संशय आहे असा अर्थ. घरात कुणी ताई गरोदर असेल तर तो डबा घरात नकोच. भाग ३ मध्ये घटक. नावं फिरवून लिहिलेली असतात, म्हणून कॅस नंबर शोधा: टोल्युईन १०८-८८-३, एन-हेक्झेन ११०-५४-३, बेंझीन ७१-४३-२. भाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते. टोल्युईनचा सुमारे ४ अंश, हेक्झेनचा शून्याच्या खाली वीसेक अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला असतो, तेव्हा समजून घ्या. शीटच नाही मिळाली तर? मग तो डबा 'बिनविषारी' आहे हे दुकानदाराचं मत झालं, त्यापलीकडे काही नाही.

आता पाण्यातले गोंद. यात रबर किंवा पॉलियुरेथेनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडतं, कण एकमेकांत मिसळून पातळ थर होतो. खऱ्या कॉन्टॅक्ट प्रकारात पॉलिक्लोरोप्रीन किंवा पॉलियुरेथेन असतं. उदाहरण म्हणून जर्मनीच्या रेनिया कंपनीचं अ‍ॅक्विलिम ३१५ शोधून बघा. तालुक्याच्या दुकानात मिळायची आशा कमी, ऑनलाइनच बघावं लागेल. पांढरा फेव्हिकॉल पण पाण्यातलाच, पण तो कॉन्टॅक्ट नव्हे. पाकिटाच्या आतल्या अस्तराला, खोक्याला चालतो. सारखं वाकणाऱ्या, भिजणाऱ्या चपलेत कडक होऊन सुटतो.

आपल्या भागातलं पाण्यातलं सगळ्यात जुनं चिकट म्हणजे चिंचोक्याची खळ, घोंगडीला देतात तीच. पूर्ण निर्धोक, फुकटात जमा होणारी. पण पाण्यात सुटते, बुरशी धरते, कीड लागते. शोभेच्या वस्तूला, तात्पुरतं धरायला ठीक, सोलला नाही.

पाण्यातलं म्हणजे डोळे झाकून वापरा असं पण नाही हं. काहींत थोडं द्रावक असतंच. नैसर्गिक लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, आणि काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. गोंद डब्यात नासू नये म्हणून घातलेल्या औषधांनी हाताला खाज उठू शकते, म्हणून ब्रश वापरा, बोट नको. काही पॉलियुरेथेन गोंदांसोबत वेगळी हार्डनरची बाटली येते, त्यात आयसोसायनेट असतं. त्यानं दमा होऊ शकतो. घरातल्या खोलीत ती बाटली मी तर उघडणार नाही.

पैशाचं बोलू, कारण तिथेच गाडी अडते. पाण्यातला गोंद लिटरमागे महाग दिसतो. पण त्यात घन माल साधारण ४५ ते ५५ टक्के असतो, म्हणजे सोल्युशनच्या जवळपास दुप्पट. थर पातळ लावायचा असतो. तेव्हा भाव लिटरवर करू नका, दहा जोड चिकटवा, डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा आणि जोडामागचा खर्च काढा.

वापरायची पद्धत मात्र बदलावी लागते, आणि बहुतेकांचा वैताग इथेच होतो. चामड्याची गुळगुळीत बाजू सँडपेपरनं खरवडा, धूळ झटका. तेलकट चामडं असेल तर पाण्यातला गोंद त्यावर थेंबाथेंबानं गोळा होतो, तिथे खरवडणं दुप्पट. पहिला हात पातळ, तो चामडं पिऊन टाकतं. वाळल्यावर दुसरा. हिरडा-बाभळीवर कमावलेल्या चामड्याला पाण्याचा डाग पडतो, म्हणून कडेच्या बाहेर सांडू देऊ नका. बरेच पाण्यातले गोंद लावताना पांढरे दिसतात आणि वाळले की पारदर्शक. पांढरा ठिपका शिल्लक असताना दाबलं तर पाणी आत अडकतं आणि जोड सुटतो. उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे दहा-पंधरा मिनिटांत होऊन जाईल. पण तुळजापूरच्या नवरात्रासाठी माल करायचा म्हणजे काम येतं भाद्रपदात, हवा दमट, तेव्हा अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. हेअर ड्रायर कामाला येतो. पॉलियुरेथेनवाल्याला तर दाबण्याआधी गरम करावंच लागतं, थर ५५-६५ अंशांपर्यंत. मग हातोडीनं नीट ठोका. पूर्ण पकड यायला एक दिवस द्या.

कुठे वापरायचा? शेजारचा सोलापूर जिल्हा ज्यात आहे त्या कोल्हापुरी चपलेकडे बघा. तिला २०१९ मध्ये जीआय मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या चपलेचे थर चामड्याच्या वादीनं शिवलेले असतात, खिळा नाही. भार शिलाई घेते, गोंदाचं काम फक्त थर हलू न देणं. अशा कामाला पाण्यातला गोंद बिनधास्त चालतो. बेल्ट, पाकीट, बॅग, शिवलेली चप्पल, सगळं यात आलं. उलट पीव्हीसी किंवा टीपीआरचा तयार सोल, शिलाईशिवाय नुसता चिकटवायचा असेल, तर घरगुती पातळीवर पाण्यातला गोंद दगा देण्याची शक्यता जास्त. तिथे एक तर शिलाई वाढवा, नाहीतर तेवढंच काम सोल्युशननं करा, पण अंगणात. दाराशी, टेबलावर, वारा पाठीमागून पुढे जाईल असं बसून. जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काही नको. कापडी मास्कनं वाफ अडत नाही, कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. डबा झाकण लावून सावलीत, पत्र्याखाली नाही.

आणि सगळा माल बदलायच्या आधी चाचणी घ्या. एक इंच रुंद, चार इंच लांब चामड्याच्या पट्ट्या कापा, सहा जोड्या चिकटवा, टोकं अर्धा इंच मोकळी सोडा. दोन दिवसांनी दोन जोड्या हातानं ओढा. गोंदातून सुटल्या तर नापास, चामड्याचे धागे उपटून आले तर पास. दोन जोड्या रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवून ओढा. उरलेल्या दोन पत्र्यावर दुपारच्या उन्हात ठेवा आणि गरम असतानाच ओढा. गोंदाचं नाव, किती मिनिटं वाळवला आणि चामडं कोणतं हे लिहून फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमचे निकाल वाचून दाखवीन, नापास झालेले आधी.